‘टेक हार्ट’ की ‘टेक टु हार्ट’? सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी वाक्प्रचारांतले फरक

कोरा कागद

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करताना अवघड शब्दांनी फारसं अडत नाही. तिथे आपण मुकाट कोश उघडतो. दगा देतात ते ओळखीचे शब्द. सगळे शब्द शाळेपासून माहीत, वाक्प्रचारही कुठेतरी वाचलेला वाटतो, म्हणून आपण न थांबता पुढे जातो आणि त्याच्या एखाद्या भावंडाचा अर्थ त्याला चिकटवून मोकळे होतो.

‘हार्ट’ घ्या. ‘टेक हार्ट’ म्हणजे धीर धरणे, उभारी येणे. ‘टेक समथिंग टु हार्ट’ म्हणजे एखादी गोष्ट मनाला लावून घेणे. मध्ये एक ‘टु’ आला आणि उभारीच्या जागी खंत आली. ‘लूज हार्ट’ म्हणजे खचणे, हातपाय गाळणे. ‘लूज वन्स हार्ट टु समवन’ म्हणजे कुणावर जीव जडणे. एका अनुवादित कथेत ‘ही लॉस्ट हिज हार्ट टु हर’चं ‘तिच्यापुढे तो खचून गेला’ असं झालेलं मी वाचलं आहे. पुढची दोन पानं तो माणूस आनंदात तरंगतोय आणि वाचकाला त्याचा पत्ताच लागत नाही.

दुसरी जोडी त्याहून फसवी. ‘आउट ऑफ द क्वेश्चन’ म्हणजे शक्यच नाही. त्यातला ‘द’ काढला की जुन्या इंग्रजीत अर्थ उलटा होतो: निःसंशय, वादातीत. आज हे ‘द’शिवायचं रूप कुणी वापरत नाही, ‘बियाँड क्वेश्चन’ किंवा ‘विदाउट क्वेश्चन’ म्हणतात. पण जुनं गद्य समोर आलं तर त्या एका ‘द’वर अख्ख्या वाक्याची दिशा ठरते.

अशा जोड्या तुमच्याकडे असतील तर इथे लिहा, आणि शक्यतो वाक्यासकट लिहा. नुसता ‘अमुक म्हणजे तमुक’ असा अर्थ फार उपयोगी पडत नाही. कोण कुणाला काय प्रसंगी म्हणतंय ते कळलं की फरक पक्का होतो. मला स्वतःला सध्या दोन ठिकाणी शंका आहे. ‘हँड इन ग्लव्ह’ हे चांगल्या अर्थाने चालतं का? आणि ‘ऑन द कॉन्ट्ररी’ व ‘ऑन द अदर हँड’ यांत नेमकी रेघ कुठे ओढायची?

भिंगरी

फार गरजेचा धागा. ‘टेक टु हार्ट’मध्ये थोडी भर घालते, कारण तिथे दर वेळी खंत नसते. ‘शी टुक हिज ॲडव्हाइस टु हार्ट’ म्हणजे तिने त्याचा सल्ला मनावर घेतला. ‘शी टुक द रिमार्क टु हार्ट’ म्हणजे बहुधा तिने तो शेरा मनाला लावून घेतला. मराठीने ‘मनावर घेणे’ आणि ‘मनाला लावून घेणे’ अशा दोन स्वच्छ वाटा केल्या आहेत. इंग्रजी दोन्ही एकाच दारातून आत सोडते. म्हणून भाषांतर करताना पुढचं वाक्य वाचायचं: माणूस कामाला लागला की कुढत बसला, ते तिथे सापडतं.

‘आउट ऑफ द क्वेश्चन’वरून आठवलं. आपल्याकडेही अगदी हाच खेळ आहे. ‘तो येणार, प्रश्नच नाही’ म्हणजे नक्की येणार. ‘तो येण्याचा प्रश्नच येत नाही’ म्हणजे येणं शक्य नाही. आपल्याला हे कुणी शिकवलेलं नसतं, कानाला सवय असते. ‘डोळा लागला’ म्हणजे झोप लागली आणि ‘डोळे लागले’ म्हणजे वाट पाहणं चालू आहे, इथे तर नुसत्या वचनाने झोपेची जाग होते.

वचनाचा हाच प्रकार इंग्रजीत ‘वर्ड’मध्ये आहे. ‘आय वाँट टु हॅव अ वर्ड विथ यू’ म्हणजे थोडं बोलायचंय. ‘दे हॅड वर्ड्स’ म्हणजे त्यांची बोलाचाली झाली, शब्दाने शब्द वाढला. ‘काल माझं आणि साहेबांचं बोलणं झालं’ हे सांगायला ‘आय हॅड वर्ड्स विथ द बॉस’ लिहिलं तर ऐकणारा काळजीत पडेल.

उंबरठा

कोरा कागद, तुमच्या दोन्ही शंकांबद्दल सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षं इंग्रजी मजकूर तपासण्याचं काम करतो आहे आणि ‘ऑन द कॉन्ट्ररी’ इतका चुकीच्या जागी बसवलेला वाक्प्रचार दुसरा पाहिलेला नाही.

‘ऑन द कॉन्ट्ररी’ खोडून काढण्यासाठी असतो. आधी एक विधान झालेलं असतं किंवा गृहीत धरलेलं असतं, आणि ते खरं नाही असं तुम्हाला म्हणायचं असतं. ‘यू मस्ट बी टायर्ड.’ ‘ऑन द कॉन्ट्ररी, आय फील फ्रेश.’ इथे ‘तू दमला असशील’ हे बाद झालं. स्वतःच्याच नकारानंतरही तो येतो: ‘द प्लॅन डिड नॉट फेल. ऑन द कॉन्ट्ररी, इट वर्क्ड टू वेल.’

‘ऑन द अदर हँड’ काहीच बाद करत नाही. खोली लहान आहे, ‘ऑन द अदर हँड’ उजेड भरपूर आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या, फक्त तराजूच्या दोन पारड्यांत ठेवलेल्या. इथे ‘ऑन द कॉन्ट्ररी’ लिहिलं तर खोली लहान आहे हेच तुम्ही नाकारता आणि मग उजेडाचा त्याच्याशी संबंध काय हे वाचकाला कळत नाही.

गोंधळाचं मूळ माझ्या मते आपल्या ‘उलट’ या शब्दात आहे. ‘मी दमलो नाही, उलट ताजातवाना आहे’ हे झालं खोडून काढणं. ‘थोरला शांत, उलट धाकटा तापट’ ही झाली नुसती तुलना. मराठीत दोन्हीकडे ‘उलट’ चालतो, म्हणून मराठी माणूस दुसऱ्या वाक्याच्या इंग्रजीतही ‘ऑन द कॉन्ट्ररी’ लिहून जातो. तिथे ‘बाय कॉन्ट्रास्ट’ किंवा साधं ‘व्हेअरअॅज’ हवं.

आणि तिसरा भाऊ ‘टु द कॉन्ट्ररी’. तो सहसा नामाच्या मागे लागून येतो: ‘एव्हिडन्स टु द कॉन्ट्ररी’, म्हणजे विरुद्ध दिशेचा पुरावा. ‘अनलेस यू हिअर टु द कॉन्ट्ररी’ म्हणजे वेगळं काही कळवलं नाही तर. अमेरिकन लिखाणात तो कधी कधी वाक्याच्या सुरुवातीलाही दिसतो, पण आपण तो मागेच ठेवावा हे बरं.

आता ‘हँड इन ग्लव्ह’. मूळ अर्थ अगदी घनिष्ठ संबंध एवढाच, त्यात वाईट काही नाही. आजही अमेरिकेत ‘द टू टीम्स वर्क्ड हँड इन ग्लव्ह’ असं कौतुकाने म्हटलेलं सापडेल. पण एक पक्ष पोलीस, अधिकारी, पुढारी यांच्यापैकी असेल आणि दुसरा पक्ष गुन्हेगार किंवा ठेकेदार, तर अर्थ सरळ ‘साटंलोटं’ असा होतो. कोशांतही ‘बऱ्याचदा छुप्या किंवा गैर कामासाठी’ अशी पुस्ती असते. निर्मळ सहकार्य सांगायचं असेल तर मी हा वाक्प्रचार टाळतो. ‘हँड इन हँड’ घ्यावं तर तो वेगळाच: दोन गोष्टी एकमेकींसोबत येतात हे सांगायला तो वापरतात, जसं दारिद्र्य आणि रोगराई ‘गो हँड इन हँड’. त्यात संगनमत कुणाचंच नसतं.

गारवा

‘द अदर डे’चं ‘दुसऱ्या दिवशी’ झालेलं मी इतक्या वेळा वाचलं आहे की आता ते दिसलं की पुस्तक पुढे वाचवत नाही. ‘द अदर डे’ म्हणजे परवा, मागे एकदा, चारदोन दिवसांपूर्वी. दुसऱ्या दिवशी म्हणजे ‘द नेक्स्ट डे’. आणि ‘एव्हरी अदर डे’ म्हणजे दिवसाआड. औषधाच्या चिठ्ठीवर हे शेवटचं असेल आणि कुणी ‘इतर प्रत्येक दिवशी’ असं वाचलं तर प्रकरण गंभीर होईल.

शब्दखूण

छान माहिती मिळते आहे. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. कुणाकडे अशा सगळ्या जोड्यांची अर्थासह एकत्र यादी आहे का? पाठ करायला सोपं जाईल.

कोरा कागद

शब्दखूण, याद्या बाजारात ढिगाने आहेत. पण यादीनेच हा घोळ होतो असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

यादीत ‘ईट वन्स वर्ड्स’समोर ‘माघार घेणे’ असतं आणि ‘ईट हंबल पाय’समोर (हा ‘पाय’ म्हणजे खायचा पदार्थ) ‘नमते घेणे’. दोन दिवसांनी तुमच्या डोक्यात दोन्ही एकच झालेले असतात. आता प्रसंग घ्या. एकीने सगळ्यांसमोर सांगितलं, ‘हा पूल वर्षभरात पूर्ण होणं शक्य नाही.’ पूल झाला. तिला ‘ईट हर वर्ड्स’ करावं लागलं, कारण बोललेलं खोटं ठरलं. दुसरा काहीच बोलला नव्हता, पण सहकाऱ्यांशी तोऱ्यात वागत होता आणि शेवटी त्यांच्याच दारात मदतीसाठी उभं राहून त्याला माफी मागावी लागली. त्याने ‘हंबल पाय’ खाल्ला. पहिल्यात शब्द मागे घ्यायचे असतात, दुसऱ्यात ताठा. बोललेलं काही नसेल तर ‘ईट वन्स वर्ड्स’ लागूच होत नाही. एवढं लक्षात राहिलं की परीक्षेत पर्याय कितीही जवळचे देऊ देत, हात अडखळणार नाही.

अजून एक. ‘ईट वन्स वर्ड्स’चं ‘शब्द गिळणे’ करू नका. मराठीत शब्द गिळतो तो माणूस बोललेलाच नसतो, ओठांवर आलेलं आत ढकलतो. इंग्रजीतला आधी बोलून बसलेला असतो.

सांजवात

मला उगम कळला की फरक विसरत नाही. ‘थ्रो डाउन द गाँटलेट’ आणि ‘रन द गाँटलेट’ यांचंच बघा. पहिल्यात आव्हान देणं आहे, दुसऱ्यात चहूबाजूंच्या माऱ्यातून किंवा टीकेतून पार व्हावं लागणं. शब्द एकच दिसतो, पण हे दोन निरनिराळे शब्द आहेत. पहिला फ्रेंचमधून आलेला: लोखंडी हातमोजा. सरदार तो समोरच्यापुढे जमिनीवर टाकायचा आणि समोरच्याने उचलला म्हणजे आव्हान स्वीकारलं. दुसरा स्वीडिश ‘गाटलोप’वरून आला. ‘गाटा’ म्हणजे गल्ली, ‘लोप’ म्हणजे धावणं. सैनिकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या करायच्या, गुन्हेगाराला मधून सोडायचं आणि दोन्ही बाजूंनी फटके. १७व्या शतकात हा शब्द इंग्रजीत शिरला आणि आधीपासून असलेल्या ‘गाँटलेट’सारखाच उच्चारला जाऊ लागला. हातमोजा आणि फटक्यांची गल्ली डोळ्यांसमोर असली की गोंधळ कसा होईल?

दोरांचंही असंच. ‘ऑन द रोप्स’ म्हणजे हरण्याच्या बेतात, पुरता कोंडीत. हे दोर मुष्टियुद्धाच्या रिंगणाचे; मार खाणारा त्यांवर रेलतो. ‘नो द रोप्स’ म्हणजे कामातल्या खाचाखोचा माहीत असणे. ते दोर शिडाच्या जहाजावरचे. कुठला दोर कुठल्या शिडाला जातो हे ठाऊक असलं म्हणजे खलाशी तयार झाला.

टाचण

सांजवात, गोष्टी सुरेख आहेत, पण मला वाटतं उगमावर इतकी भिस्त ठेवू नये. दोन कारणं आहेत.

एक, अर्थ आधी कळलेला असतो, मग उगम ऐकून आपल्याला ‘हां, बरोबर’ वाटतं. उगमावरून अर्थ काढायला गेलं तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. ‘हंबल पाय’ हरणाच्या आतड्या-काळजाच्या ‘अंबल्स’वरून आला आणि त्यावर ‘हंबल’ची कोटी झाली, हे खरंच आहे. पण ते कळल्याने ‘ईट वन्स वर्ड्स’शी असलेला फरक कळला का? तो कळला कोरा कागद यांच्या पुलाच्या उदाहरणाने.

दोन, उगमाच्या नावाखाली भाकडकथा फार फिरतात. ‘सेव्ह्ड बाय द बेल’ची शवपेटीतल्या घंटेची कथा सगळ्यांनी ऐकली असेल: जिवंत पुरलेल्या माणसाने दोरी ओढायची आणि वर घंटा वाजायची. त्या वाक्प्रचाराशी तिचा संबंध नाही. ती घंटा मुष्टियुद्धाची आहे. फेरी संपल्याची घंटा झाली आणि आडवा होऊ घातलेला वाचला. १९९९च्या सुमारास ‘१५००च्या काळातलं जीवन’ अशी एक ई-मेल जगभर फिरली, तीत अशा कथा एकापाठोपाठ एक रचलेल्या होत्या. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’ म्हणजे गवती छपरावरून मांजरं-कुत्री घसरून पडत, ही पण त्यातलीच. अजून लोक ती खरी समजून पुढे पाठवतात आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण खरे उगमही पुष्कळ आहेत आणि ते शोधणाऱ्यांनी आयुष्यं घातली आहेत.

सांजवात

भाकडकथांबद्दल शंभर टक्के सहमत. पण खरा उगम फरक दाखवतो हा मुद्दा मी सोडणार नाही. तुम्हीच मुष्टियुद्ध काढलंत, तर त्यातलेच तीन घ्या. ‘ऑन द रोप्स’: हरण्याच्या बेतात, अजून हरलेला नाही. ‘सेव्ह्ड बाय द बेल’: हरणार होता, वेळेने वाचवलं. ‘थ्रो इन द टॉवेल’: हार मानली, कारण खेळाडूच्या बाजूच्या माणसाने टॉवेल आत फेकला की सामना संपला. (आधी स्पंज फेकत, म्हणून ‘थ्रो अप द स्पंज’ही जुन्या पुस्तकांत दिसेल, अर्थ तोच.) रिंगण डोळ्यांसमोर आणलं की तिघांची जागा आपोआप लागते.

आणि चोरीचे तीन. ‘स्टील द शो’ करणाऱ्याच्या मनात कपट असेलच असं नाही. छोट्याशा भूमिकेतलं पोरही नाटक आपल्या खिशात घालतं. ‘स्टील समवन्स थंडर’मध्ये दुसऱ्याचं काहीतरी घेतलेलं असतं: त्याची कल्पना, किंवा त्याने जाहीर करायची बातमी तुम्ही आधी सांगून टाकता. ही कथा खरी मानली जाते: १७०९ साली जॉन डेनिस या नाटककाराने लंडनमधल्या आपल्या नाटकासाठी मेघगर्जनेचा आवाज काढायची नवी तऱ्हा शोधली. नाटक पडलं. थोड्याच दिवसांत त्याच रंगमंचावर ‘मॅकबेथ’मध्ये त्याला आपली गर्जना ऐकू आली आणि तो संतापला. तिसरा ‘स्टील अ मार्च ऑन समवन’. हा सैन्यातला: शत्रूला सुगावा लागू न देता कूच करून पुढचा मुक्काम गाठायचा. गाफील ठेवून आघाडी मारणे. इथे समोरच्याचं काही घेतलेलं नसतं, फक्त त्याच्या आधी पोहोचलेलं असतं.

टाचण

चोरीचे तिन्ही पटले. ‘थंडर’मध्ये वस्तू दुसऱ्याची, ‘मार्च’मध्ये वेळ आपली, हे उगमामुळे खरंच स्पष्ट होतं. ‘हंबल पाय’बद्दल माझं मत कायम आहे.

भिंगरी

मला एक वेगळा धोका मांडायचा आहे. इंग्रजी-इंग्रजी जोड्यांइतकेच मराठीच्या जवळ दिसणारे इंग्रजी वाक्प्रचार फसवतात. ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे थट्टा करणे, खोटंच काही सांगून फिरकी घेणे. त्यात आपुलकी असते. आपलं ‘पाय ओढणे’ मात्र वर चढणाऱ्याला खाली खेचणं, त्यात मत्सर आहे. एकाचं दुसरं केलं तर मित्राचा वैरी होतो. आणि ‘ड्रॅग वन्स फीट’मध्ये पाय स्वतःचेच, अर्थ चालढकल करणे.

‘वॉश वन्स हँड्स ऑफ’ तर त्याहून वाईट. बायबलात रोमन सुभेदार पिलात जमावासमोर हात धुतो आणि येशूच्या रक्ताची जबाबदारी माझी नाही असं सांगतो, तिथून ते आलं. मराठीत ते ‘हात झटकणे’. ‘हात धुऊन घेणे’ केलंत तर तो वाहत्या गंगेत हात धुणारा होतो, म्हणजे जबाबदारी टाळणारा माणूस एकदम फायदा उपटणारा ठरतो. ‘हात धुऊन मागे लागणे’ म्हणजे पिच्छा पुरवणे, ते तर तिसरंच टोक.

डोक्याचंही सांगते. ‘इट वेंट ओव्हर माय हेड’ आपल्या ‘डोक्यावरून गेलं’शी जुळतं. पण ‘ही वेंट ओव्हर माय हेड’मध्ये ‘इट’च्या जागी माणूस आला की अर्थ बदलतो: मला डावलून तो माझ्या वरिष्ठाकडे गेला. ‘सक्सेस वेंट टु हिज हेड’ म्हणजे यश डोक्यात गेलं, हे जुळतं. मात्र ‘तो माणूस माझ्या डोक्यात जातो’ ह्याला तिथे जागा नाही, त्याला ‘ही गेट्स ऑन माय नर्व्ह्ज’ लागेल.

जुळणाऱ्यांत मला सर्वांत आवडणारं उदाहरण ‘टर्न अ ब्लाइंड आय’. १८०१च्या कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा इशारा आला तेव्हा ब्रिटिश नौसेनानी नेल्सनने दुर्बीण आपल्या अधू डोळ्याला लावली आणि मला इशारा दिसत नाही म्हटलं, ही कथा प्रसिद्ध आहे. त्या डोळ्याची नजर १७९४ साली कोर्सिकातल्या कॅल्वीच्या वेढ्यात गेली होती. मराठीत काय म्हणतात? काणाडोळा करणे. ‘टर्न अ डेफ इअर’ त्याचंच भावंड, पण तिथे कुणीतरी विनवत असतं आणि हा ऐकत नाही. गैरप्रकार दिसून न पाहणं ते ‘ब्लाइंड आय’, विनंती कानाआड करणं ते ‘डेफ इअर’.

उंबरठा

भिंगरी, ‘डावलून’ची नोंद घेतली, उत्तम आहे.

शब्दखूण यांच्यासाठी परीक्षेत हमखास येणारं एक त्रिकूट. ‘नथिंग बट’ म्हणजे फक्त, त्याशिवाय काही नाही. ‘एनिथिंग बट’ म्हणजे मुळीच नाही: ‘द टास्क वॉज एनिथिंग बट ईझी’, काम सोपं तर नव्हतंच. ‘ऑल बट’ म्हणजे जवळजवळ. पण ह्या शेवटच्याकडे जवळून बघा. ‘द हॉल वॉज ऑल बट एम्प्टी’ म्हणजे सभागृह जवळजवळ रिकामं होतं. ‘ऑल बट टू चेअर्स वेअर एम्प्टी’ म्हणजे दोन सोडून सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ‘ऑल बट’च्या पुढे विशेषण किंवा क्रियापद असेल तर ‘जवळजवळ’, संख्या किंवा नाम असेल तर ‘सोडून’.

जागेवरून अर्थ ठरणारा आणखी एक: ‘ॲट लेंग्थ, शी स्पोक’ म्हणजे अखेर ती बोलली. ‘शी स्पोक ॲट लेंग्थ’ म्हणजे ती सविस्तर बोलली. सुरुवातीला आला तर काळ, शेवटी आला तर विस्तार.

‘नॉट अ लिटल’ म्हणजे बरंच, ‘नॉट अ बिट’ म्हणजे अजिबात नाही. दोन्ही शब्दांचा अर्थ थोडंसंच, तरी नकार लागल्यावर विरुद्ध दिशांना जातात.

शब्दखूण

यादीचा हट्ट सोडला. वाक्यांसकट वही करते आहे. ‘आउट ऑफ हँड’चं मात्र कुणी सांगेल का? दोन प्रश्नपत्रिकांत दोन वेगळी उत्तरं बरोबर धरली आहेत.

उंबरठा

दोन्ही बरोबर असणार, क्रियापद बघा. ‘गेट’ किंवा ‘गेटिंग’ असेल तर हाताबाहेर जाणे: ‘द क्राउड गॉट आउट ऑफ हँड’. ‘रिजेक्ट’, ‘डिसमिस’, ‘रिफ्यूज’ यांच्याबरोबर असेल तर तडकाफडकी, विचारही न करता: ‘दे रिजेक्टेड द ऑफर आउट ऑफ हँड’.

बाकीचे हातही आटपून घेऊ. ‘ॲट हँड’ म्हणजे जवळ, जागेने किंवा काळाने. ‘ऑन हँड’ म्हणजे हजर, लागलं तर उपलब्ध. ‘इन हँड’चे तीन अर्थ प्रसंगाने ठरतात: हाती घेतलेलं काम, आटोक्यात असलेली परिस्थिती, किंवा अजून शिल्लक असलेला वेळ.

टाचण

देश बदलला की अर्थ बदलणारे दोन नोंदवून ठेवतो, कारण इथे कोशही पटकन मदत करत नाहीत. ‘टेबल अ मोशन’ ब्रिटिश इंग्रजीत प्रस्ताव चर्चेला मांडणे, अमेरिकन इंग्रजीत तो लांबणीवर टाकणे. अगदी विरुद्ध. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचं होतं, म्हणून ते ‘टेबल’ करू म्हणाले. अमेरिकनांना वाटलं हे कागद बाजूला सारायला निघालेत. बराच कडाक्याचा वाद झाल्यावर दोघांनाही एकच गोष्ट हवी असल्याचं लक्षात आलं. चर्चिल यांनी महायुद्धाच्या आठवणींत हे लिहिलं आहे. आपल्याकडचं ‘सभागृहाच्या पटलावर ठेवणे’ ब्रिटिश वळणाचं आहे, त्यामुळे अमेरिकन मजकूर वाचताना आपण चुकण्याची शक्यता जास्त.

‘मूट पॉइंट’ तसाच. ब्रिटनमध्ये वादाचा, अजून न सुटलेला मुद्दा. अमेरिकेत बहुधा आता ज्याला काही अर्थ उरलेला नाही असा मुद्दा.

‘अंडर द टेबल’ मात्र दोन्हीकडे आणि आपल्याकडेही टेबलाखालूनच. आणि ‘टर्न द टेबल्स’मधलं टेबल म्हणजे सोंगट्यांच्या पटाचं जुनं इंग्रजी नाव. आपलं ‘डाव उलटवणे’ अगदी चपखल बसतं.

गारवा

कार्यालयीन ई-मेलमध्ये आलेलं एक वाक्य: ‘वी कुड डू विथ अ लाँगर डेडलाइन.’ आमच्या गटात दोघांनी ‘जास्तीची मुदत मिळाली तरी चालवून घेऊ’ असा अर्थ लावला. मला तो पटत नाहीये.

कोरा कागद

न पटणं बरोबर आहे. ‘कुड डू विथ’ म्हणजे हवं आहे, मिळालं तर फार बरं होईल. ती सौम्य शब्दांतली मागणी आहे आणि तिला उत्तर द्यायला हवं. चालवून घेण्यासाठी ‘मेक डू विथ’ आहे, तेही कमी मिळाल्यावर: ‘वी विल हॅव टु मेक डू विथ टू डेज.’ ‘डू विदाउट’ म्हणजे त्याच्याशिवाय भागवणे. आणि ‘आय कुड डू विदाउट युअर कमेंट्स’ असं कुणी लिहिलं तर तिथे भागवण्याचा प्रश्न नसतो, तुमची शेरेबाजी नको असं तो नाराजीने सांगत असतो. त्या ई-मेलला उत्तर देताना मुदत किती वाढवून हवी ते विचारून घ्या.